अक्षरांशी अडणाऱ्या चिरंजीवाविषयी

मैलापूर, चेन्नई

चि. सौ. ताईस,

तुझे पत्र पोहोचले. चिरंजीव तिसरीत जाऊनही धडा वाचताना अडखळतो, फळ्यावरचा मजकूर उतरवून घेताना निम्मा गाळतो, आणि शाळेने प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा मारला, हे वाचून मला तुझ्या काळजीइतकीच त्या शेऱ्याची चिंता वाटली. गेल्या दिवाळीत मी सांगितलेली तंजावरच्या सरफोजी राजांची हकिकत ज्या मुलाने दुसऱ्या दिवशी आजीला क्रम न चुकवता ऐकवली, तो लक्ष देत नाही हे मला मान्य नाही.

तुला हे लिहिण्याचा अधिकार मला माझ्या एका अपराधाने दिला आहे. शिक्षकाच्या नोकरीच्या प्रारंभीच्या काळात अशाच एका मुलास मी वर्गापुढे उभे करून तोच परिच्छेद पुनःपुन्हा वाचावयास लावीत असे, आणि त्यास मी शिस्त म्हणत असे. पुढे तो शाळेत येईनासा झाला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ओळीने पडलेल्या गैरहजेरीच्या खुणा मला अद्याप दिसतात.

चिरंजीवाच्या बाबतीत मला डिस्लेक्सियाची शंका येते. हा बुद्धीचा, दृष्टीचा किंवा इच्छाशक्तीचा दोष नव्हे. बोललेल्या शब्दातील ध्वनी सुटे करणे आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणे मेंदूस कठीण जाते, आणि ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरते, हा खेळ त्याच्याशी खेळून पाहा. तो कोठे अडतो ते तुला कळेल. अशा मुलांची नोंद जुनी आहे: १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. गणितात चांगली गती असलेल्या त्या मुलास वाचता येत नसे, आणि शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता. तो शिक्षक माझ्याहून शहाणा होता.

जूनमध्ये जावईबापूंच्या बदलीमुळे तुम्ही इकडे याल, तेव्हा चिरंजीवापुढे तमिळही येईल. आपल्या लिपीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मागून. तमिळमध्ये 'ए'चे चिन्हही तसेच व्यंजनाच्या डावीकडे बसते. शिवाय तेथे क आणि ग यांस एकच अक्षर. सामान्य मुलास हे सरावाने अंगवळणी पडते. त्याला मात्र प्रत्येक लिपी कष्टाने उकलावी लागेल. म्हणून सर्व लिप्यांचा तगादा एकदम लावू नकोस. वाळूत बोटाने अक्षर गिरवावे, त्याच वेळी त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणावा. रोज थोडाच वेळ, पण खंड न पडता. इतिहास-भूगोल तू वाचून दाखव आणि उत्तरे तोंडी घे, म्हणजे वाचनाच्या मंदगतीपायी ज्ञानाची उपासमार होणार नाही.

येथे मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९१ पासून काम करीत आहे. तिच्या 'अनन्या' केंद्रात मुलांना काही मुदतीपुरते शिकवून पुन्हा नेहमीच्या शाळेत पाठवितात, आणि शिक्षकांनाही तयार करतात. तेथे रीतसर तपासणी करून घेण्याची तजवीज मी करीन. अध्ययन अक्षमतेचा दाखला घेण्यास संकोच करू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि आपल्या महाराष्ट्र शासनाने तर शालान्त परीक्षेच्या सवलती १९९६ सालीच मंजूर केल्या होत्या. वाढीव वेळ किंवा लेखनिक ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे; मात्र तो कागदपत्रांवाचून कोणतेही दफ्तर मान्य करीत नाही. नातेवाईक 'मुलावर शिक्का बसेल' म्हणतील. 'आळशी' हा शिक्का त्याच्यावर अगोदरच बसला आहे, आणि तो खोटा आहे.

त्याला स्वतःला हे सारे मोकळेपणाने सांग. कारण न कळलेला मुलगा स्वतःस मूर्ख समजू लागतो, आणि ती समजूत उखडण्यास वाचन शिकविण्याहून अधिक वर्षे लागतात.

येताना त्याच्या जुन्या वह्या फेकून देऊ नकोस. लाल शाईने भरलेल्या असल्या तरी सर्व घेऊन ये. तपासणाऱ्यांस त्याच चुका हव्या असतील.

तुझा,
मामा