एका समुद्राचे किती समुद्र

सागरी जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि त्यातला चांगला काळ कोकणच्या खडकांवर. समुद्रातल्या परिसंस्थांची वर्गवारी शास्त्रज्ञ कशी करतात हे वर्गात सांगता येतं. पटतं मात्र पाण्याजवळ गेल्यावरच. तिथे उमगलेल्या काही गोष्टी इथे मांडतो.

१. सुरुवात ओहोटीपासून करावी.
अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी खूप मागे जातं. त्या वेळी मालवणच्या खडकांवर उभं राहावं आणि वरून खाली पाहत यावं. सगळ्यात वर, जिथे नुसते तुषार पोचतात, तिथे मिरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी भेगांत दाटीने बसलेल्या असतात. त्याखाली बार्नेकलची खरखरीत पांढरट कवचं आणि खडकाला घट्ट धरून बसलेली कालवं. अनवाणी पाय पडला तर हमखास कापतो. आणखी खाली, ओल कधी पुरती सुकत नाही तिथे, तपकिरी सरगॅसम शैवाल आणि मिटून बसलेली समुद्रफुलं. चार पावलांत तीन वस्त्या!

या वस्त्यांच्या सीमा कोण आखतं? जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग केले आणि १९६१ मध्ये त्याचं उत्तर छापलं. वरच्या पट्ट्यातल्या जातीची पिल्लं खालीही येऊन बसतात, पण खालची दांडगी जात त्यांना रेटून काढते. त्या दांडग्या जातीला मात्र वरचं ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. थोडक्यात, वरची हद्द बहुधा ऊन ठरवतं आणि खालची हद्द शेजारी. कोणत्याही परिसंस्थेची हद्द दिसली की ती कशामुळे पडली हे आधी विचारायचं, ही सवय मला या प्रयोगाने लावली.

२. खोलीचा हिशेब उजेडाशी जोडून घ्यावा.
खुल्या समुद्रात आधी दोन भाग पडतात: वरचं पाणी आणि तळ. मग पाण्याचे थर. २०० मीटरपर्यंत वनस्पतींना पुरेल असा उजेड, १००० मीटरपर्यंत अंधूक, त्याखाली मिट्ट काळोख. ४००० मीटरनंतर अथांग सागराचा थर आणि ६००० मीटरच्या खाली गर्तांचं जग. एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४० च्या दशकात साधारण ३०० वावांखाली जीवसृष्टी नसावी असं मत मांडलं होतं. चॅलेंजर जहाजाच्या १८७२-७६ च्या सफरीत त्याहून कितीतरी खोल जाळ्यांत जीव आले. पुढे १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटरवर उष्ण पाण्याचे झरे सापडले. तिथली जीवसृष्टी उन्हावर नव्हे, हायड्रोजन सल्फाइडमधल्या ऊर्जेवर पोसलेली होती. अन्न कुठून येतं, हाही मग वर्गवारीचा निकष झाला.

३. आपला अरबी समुद्र नेहमीच्या आकृतीत बसत नाही.
मोसमी वाऱ्यांमुळे खालचं पोषक पाणी वर येतं आणि प्लवकांचं अमाप पीक येतं. ते मरून खाली जाताना कुजतं आणि प्राणवायू खाऊन टाकतं. उत्तरेला जमीन असल्यामुळे तिकडून ताजं पाणी येण्याची वाट बंद. परिणामी साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्याच खोलीवर इतर महासागरांत आणि इथे जगणं सारखं कसं असेल? तरीही कंदीलमाशांचे प्रचंड थवे दिवसा याच पट्ट्यात दडतात आणि रात्री वर चरायला येतात. चोवीस तासांत दोन थरांत राहणारा हा जीव कोणत्या चौकटीत घालायचा? माझं मत स्पष्ट आहे: खोलीच्या तक्त्याशेजारी प्राणवायूचा तक्ता ठेवल्याशिवाय अरबी समुद्र शिकवूच नये.

४. नकाशा प्रश्नाप्रमाणे बदलतो.
ॲलन लाँगहर्स्ट यांनी १९९८ च्या पुस्तकात प्लवकं आणि पाण्याच्या हालचाली पाहून महासागरांचे प्रांत पाडले. स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये किनारी आणि उथळ समुद्राचे २३२ प्रदेश आखले, ते तिथल्या जीवजातींवरून. दोन्हींत आपली पश्चिम किनारपट्टी आहे, पण हद्दी वेगळ्या. यात कुणी चूक नाही.

५. नाव मिळालं की संरक्षण मिळू शकतं.
आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या २०२० च्या वर्गवारीत खडकाळ, वाळूचा आणि चिखलाचा किनारा या वेगवेगळ्या परिसंस्था आहेत, आणि कांदळवन तर जमीन, गोडं पाणी आणि समुद्र तिन्हींच्या संगमावर ठेवलं आहे. आपल्याकडे २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवनं, प्रवाळ, समुद्री गवत आणि सजीव चिखलपट्टे सर्वांत संवेदनशील गटात आहेत. कांदळवनाची बाजू घेणारे आता पुष्कळ आहेत. चिखलाची बाजू घेणारे कमी. खाडीतला तो करडा, ओसाड वाटणारा पट्टा खणून पाहिला की किडे, शिंपले, खेकड्यांची बिळं निघतात, आणि पाणपक्षी त्यावरच जगतात. त्याला पडीक म्हणणं मला सहन होत नाही.

तुमचं गाव किनाऱ्यावर असेल तर किनारा व्यवस्थापन आराखड्यातला आपल्या गावाचा नकाशा मागवून पाहा. खाडीचा चिखलपट्टा त्यावर दाखवलेला नसेल, तर जनसुनावणीच्या वेळी लेखी हरकत नोंदवा.