तापते हवामान आणि वनस्पती : टुंड्रा ते टिपेश्वर

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान वसलेला यवतमाळ जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. सागवान, तेंदू, मोह आणि पळस यांची पानगळीची वने ही या जिल्ह्याची दुसरी संपत्ती होय. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतील गोंड व कोलाम कुटुंबांना मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात चार पैसे हाती लागतात. त्यामुळे पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचा वनस्पतींवर काय परिणाम होतो, हा प्रश्न येथे केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही.

या परिणामाचा बारकाईने अभ्यास झाला तो उत्तर ध्रुवाजवळील टुंड्रा प्रदेशात. तेथे जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा पातळ थर तेवढा वितळतो आणि त्याच्याच आधारे शेवाळे, दगडफूल, गवते आणि वीतभर उंचीची झुडपे जगतात. १९९० पासून अनेक देशांच्या संशोधकांनी या झाडोऱ्याभोवती वर उघडे असलेले पारदर्शक कोष उभारून एक-दोन अंशांची ऊब दिली आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. उबेमुळे अनेक वनस्पतींना पालवी व फुले लवकर आली, झुडपे उंचावली, आणि त्यांच्या सावलीत शेवाळे व दगडफुले मागे पडली. रेनडिअर हिवाळ्यात ज्या दगडफुलांवर जगतो, तीच घटू लागली. २००८ पासून भारताचेही 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटसमूहावर आहे.

टुंड्रात वनस्पतीला अडवते ती थंडी, यवतमाळात पाण्याची टंचाई. म्हणून तेथे ऊब मिळताच झुडूप वाढते; येथे मात्र तीच ऊब झाडाची तहान वाढवते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अशी हवा पानांतून व मातीतून अधिक ओल ओढून घेते. ओल वाचविण्यासाठी झाड आपली पर्णरंध्रे मिटते. पण त्याच रंध्रांतून कर्बवायू आत येत असल्याने अन्ननिर्मितीही मंदावते. हवेत कर्बवायू वाढल्याने झाडांचा फायदाच होईल, असे काहींचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे, परंतु पाणी नसेल तेथे हा फायदा फार पुढे जात नाही. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आहे. आकडा लहान दिसतो. मे महिन्यातील पांढरकवड्याचे ऊन ज्याने अनुभवले आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

सागाने आणि मोहाने उन्हाळ्यावर आपला उपाय केव्हाच शोधला आहे. पाने टाकून देणे हाच तो उपाय. मोठा वृक्ष खोल मुळांच्या बळावर एखादे वाईट वर्ष सहज काढतो. खरी कसोटी असते ती रोपाची. मोहाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर पिकते आणि काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. ते साठवून ठेवता येत नाही. पाऊस लांबला, किंवा पहिल्या सरींनंतर दीर्घ उघडीप पडली, तर बी वाया जाते अथवा कोवळा अंकुर करपतो. त्यातच तेलासाठी बिया वेचल्या जातात, गुरे चरतात आणि फुले स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. रोपे नसण्याचा सारा दोष हवामानावर टाकणे म्हणूनच सोयीचे असले, तरी खरे नव्हे. तापलेल्या, कोरड्या रानात ती आग झाडाच्या घेराबाहेर जाते, एवढे मात्र निश्चित. जेथे रोपे जळतात, तेथे घाणेरीसारखे झुडूप हातपाय पसरते. टिपेश्वर अभयारण्याच्या सुमारे १४८ चौरस किलोमीटरमधील तृणभक्षी प्राण्यांच्या दृष्टीनेही चाऱ्याऐवजी घाणेरी वाढणे हिताचे नाही.

तेंदू त्यामानाने चिवट. तो मुळांपासून पुन्हा फुटतो. पण त्याचे मोल कोवळ्या, अखंड पानात असते, आणि तोडणीच्या दिवसांत गारपीट झाली तर छिद्रे पडलेले पान पुड्यात चालत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने पिकांची जी दैना केली, ती सर्वांच्या स्मरणात आहे. अवकाळी पावसात भिजलेले मोहफूल काळे पडते आणि वेचणाऱ्या बाईची पहाटेची मेहनत मातीमोल होते.

टुंड्रातील नोंदींचे बळ त्यांच्या सातत्यात आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. शाळेच्या मदतीने गावातील पाच मोहवृक्षांवर खूण करून पहिले फूल कोणत्या तारखेस गळाले, बहर केव्हा संपला, नवी पालवी केव्हा आली, हे त्या वहीत दरवर्षी लिहिता येईल. होळी कधी आली यावरून लक्षात ठेवलेला बहर उपयोगाचा नाही, कारण होळीच तारीख बदलते. झाडाखालील रोपांची मोजणी पावसाळा संपताच, गुरे रानात मोकळी सोडण्यापूर्वी करावी. नंतर त्यांतील बरीचशी दिसणारही नाहीत.