गर्भिणी, व्यायाम आणि रबरी पट्टा

गर्भिणीने व्यायाम करावा की नाही, हा प्रश्न चिकित्सालयात नित्य विचारला जातो. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात गर्भिणीस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. चरकाचार्यांनी जातिसूत्रीय अध्यायात गर्भोपघातकर भावांमध्ये ‘दारुण’ व ‘अनुचित’ व्यायामाची गणना केली आहे. ही दोन विशेषणे महत्त्वाची आहेत. दारुण म्हणजे अतिश्रमाचा व अनुचित म्हणजे सवय नसलेला. सौम्य, सात्म्य व्यायामास येथे वाव राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनातही, प्रतिबंधक कारण नसल्यास, गर्भिणीस आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम व त्यात स्नायुबलवर्धक क्रियांचा समावेश सुचविला आहे.

रुग्णा ओळखा

काही वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यातील एका भगिनीस मी विचारले, “व्यायाम करता का?” ती “नाही” म्हणाली. मी हाताचे व्यायाम लिहून दिले. उठताना ती सहज म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दसऱ्यानंतर कोयत्यावर जायचंय.” ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढविणे, हे तिचे रोजचे काम. मी चिठ्ठी परत घेतली. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न ‘काम काय करता?’ असाच विचारला पाहिजे. ऊसतोड भगिनीस व्यायाम नव्हे, तर भारमुक्ती, विश्रांती, क्षीर-घृतयुक्त आहार व स्थलांतरापूर्वी तपासणी हीच चिकित्सा होय. बैठे काम करणाऱ्या शिक्षिका किंवा कार्यालयीन भगिनीस मात्र स्कंध व पृष्ठशूलासाठी पट्ट्याचा उपयोग होतो.

विधी

प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीनंतरच आरंभ करावा. पाठीचा आधार असलेल्या खुर्चीवर बसावे. (1) पट्टा छातीच्या उंचीवर खांबास घट्ट बांधून दोन्ही कोपरे मागे ओढावीत. (2) कोपरे बरगड्यांशी ठेवून पट्टा दोन्ही हातांनी बाहेर ताणावा. (3) पट्टा पायाखाली दाबून कोपरातून हात वर घ्यावा. प्रत्येक क्रिया 8 ते 10 वेळा, आठवड्यातून दोन दिवस. ओढताना श्वास सोडावा. श्वास रोखून कुंथू नये. पहिल्या तीन महिन्यांनंतर उताणे झोपून व्यायाम करू नये.

मर्यादा अर्धशक्तीची. कपाळी घाम, मुखशोष, श्वासवृद्धी दिसताच थांबावे. बोलता येत नसेल तर श्रम अधिक झाले, ही सोपी खूण.

निषेध

योनिगत रक्तस्राव, गर्भोदकस्राव, नियमित वेदना, चक्कर, उरःशूल, तीव्र शिरःशूल, पोटरीत सूज वा वेदना असल्यास व्यायाम तत्काळ बंद करून रुग्णालयात पाठवावे.

औषधी दुकानदारांसाठी

पट्ट्याच्या रंगावरून ताण ठरवू नये. प्रत्येक कंपनीचे रंग निराळे असतात. गर्भिणीस सर्वांत हलका पट्टा द्यावा. रबराची अॅलर्जी विचारावी. भेगा पडलेला पट्टा विकू नये.

चरकाचार्यांनी गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे, न हिंदकळता जपण्यास सांगितले आहे. मोळी वाहणाऱ्या भगिनीच्या बाबतीत हे पात्र कोण जपणार, याचे उत्तर वैद्यबंधूंच्या पहिल्या प्रश्नापासून सुरू होते.