बेणे कुठून आणावे?



आडसाली लागणीचे दिवस जवळ आले, की गट कचेरीत एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, बेणं कुठलं घेऊ?" आणि आम्ही तोंड उघडायच्या आत निम्म्या मंडळींचे बेणे शेजारच्या फडात ठरलेलेही असते. जवळ पडते, वाहतूक वाचते, एवढाच त्याचा गुण! म्हणून थोडे खुलासेवार लिहितो.

सातारा जिल्ह्यात नीरा कालव्याच्या पट्ट्यात पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. आपल्याकडे उसाला तुरा आला तरी कसदार बी धरत नाही. म्हणून संकर कोइमतूरला करतात व ते बी पाडेगावला आणून रोपे करतात. हजारो रोपांतून निवड करत करत शेवटी दोन-चार उरतात. मग निरनिराळ्या जमिनींत त्यांच्या चाचण्या होतात. आपला को ८६०३२ घ्या. हा कोइमतूरचा वाण. नावातले ८६ म्हणजे १९८६ साल. पाडेगावच्या चाचण्या होऊन महाराष्ट्रात त्याची शिफारस झाली १९९६ साली. दहा वर्षे गेली!

बरे, एवढे करून वाण कायमचा टिकतो का? नाही. वडीलधाऱ्यांना को ७४० आठवत असेल. काय ऊस होता! पण काणीने त्याला घेरले. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघतो तीच काणी. हा रोग बेण्यातून पुढच्या लागणीत जातो. गवताळ वाढीचेही तेच. शेजारचा फड हिरवागार दिसला तरी कांडीच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. त्यात तो खोडवा असेल तर बोलायलाच नको.

संशोधन केंद्राचे मूलभूत बेणे ५४ अंशांच्या उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया करून वाढवलेले असते. त्यापासून पायाभूत व पायाभूतपासून प्रमाणित, अशी उतरंड आहे. मूलभूत बेणे सर्वांना पुरणार नाही, हे उघड आहे. पण दहा गुंठ्यांचा स्वतःचा बेणेमळा केला तर पुढच्या वर्षी दोन एकरांची सोय घरच्या घरी होते. बेणे दहा-अकरा महिन्यांचे वापरावे आणि दर तीन वर्षांनी बदलावे. मळ्यात काणी दिसली तर पट्ट्यावर आधी पिशवी घालावी, मग बेट मुळासकट उपटून जाळावे. काही जण तो पट्टा हातात झुलवत बांधावर नेतात. त्याने काणी सगळ्या फडात पेरली जाते!

वाण निवडताना जमीन पाहावी. पाडेगावचा फुले २६५ खारवट, चोपण रानातही तग धरतो, टनेज देतो. पण लवकर तोडला तर उतारा पडतो, म्हणून कारखान्यांची त्याच्यावर नाराजी होती. आमचे म्हणणे असे, की ज्याचे रान बिघडले आहे त्याने तो जरूर लावावा व पक्व झाल्यावरच तोडू द्यावा. निचऱ्याच्या चांगल्या रानात मात्र ८६०३२ सोडायचे कारण आम्हाला दिसत नाही.

बेणेमळ्यासाठी सात-बारा उतारा व माती परीक्षणाचा अहवाल घेऊन गट कचेरीत यावे. अहवाल नसेल तर मातीचा नमुना आणावा. तो कसा काढायचा ते आमचे कर्मचारी शेतावर येऊन दाखवतील.