चार्जर घेताय? आधी गाडी किती वेळ उभी राहते ते सांगा!

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

विषय तसा गंभीर आहे, पण सुरुवात होस्टेलपासूनच करते. गेल्या पावसाळ्यात बॉईज होस्टेलच्या पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीतून पिवळी वायर खाली लोंबत असायची. वायरच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डाला कुणाच्या तरी इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर आणि पावसापासून संरक्षण म्हणून वर मेसमधलं पालथं ताट! रेक्टर सरांनी बोर्ड जप्त केला तेव्हा त्याची एक बाजू वितळून काळी पडली होती. आपण सगळे हसलो. 'कोण असेल तो महाभाग' यावर दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला.

माझ्यासाठी मात्र तो संपला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेले होते. मामांचं कराडच्या अलीकडे, पुणे-बंगळूर हायवेला लागून हॉटेल आहे. खाली जेवण, वर बारा खोल्यांचं लॉज. मामांनी माझ्या हातात एक कोटेशन ठेवलं. ६० किलोवॅटचा एक डीसी फास्ट चार्जर आणि २२ किलोवॅटचे दोन एसी चार्जर. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालेलं, सोमवारी सही करायची होती. मामा म्हणाले, "तू इलेक्ट्रिकललाच आहेस ना गं? मग बघ की जरा, बरोबर आहे का." मामी काहीच बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कर्जाचा आकडा मला कळला. इंडक्शन मोटरचा स्टार्टर मला तोंडपाठ आहे, चार्जर कसा निवडायचा हे कुठल्याच युनिटमध्ये नाही. तरीपण "बघते" म्हणाले. आली का पंचाईत!

कोटेशनमधले किलोवॅट बघण्याआधी मी एक साधं काम केलं. दोन दिवस गल्ल्याशेजारी वही घेऊन बसले आणि कोणती गाडी किती वेळ उभी राहते ते लिहून काढलं. जेवायला थांबणारे साधारण ३५ ते ४० मिनिटं. लॉजवाले रात्री नऊच्या सुमारास येतात आणि सकाळी सातला निघतात, म्हणजे दहा तास. तिसरा प्रकार स्टाफच्या आणि गावातल्या स्कूटर, त्या दिवसभर उभ्याच. ऑफिस असो, मॉल असो की दवाखाना, व्यावसायिक जागेवर चार्जर निवडताना पहिला प्रश्न हाच, कारण चार्जर किती 'फास्ट' पाहिजे हे गाडी किती वेळ उभी राहते त्यावर ठरतं.

आता थोडं मूलभूत. भिंतीवरच्या ज्या डब्याला आपण एसी 'चार्जर' म्हणतो तो खरा चार्जर नसतोच. बॅटरीला डीसी लागतो. एसीचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा फक्त सुरक्षितपणे वीज जोडतो-तोडतो आणि गाडीला 'एवढेच अँपिअर घे' असं सांगतो. डीसी फास्ट चार्जरमध्ये मात्र रूपांतर बाहेरच्या कपाटात होतं आणि डीसी सरळ बॅटरीकडे जातो. म्हणूनच ते कपाट एवढं मोठं आणि एवढं महाग!

हे कळलं की कोटेशनमधली पहिली गोम दिसते. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीचा ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा. तिला २२ किलोवॅटच्या डब्याला लावलं तरी ती ३.३ च घेणार. बादलीला छोटा नळ असेल तर मागे टाकी कितीही मोठी ठेवा! आपल्याकडच्या बऱ्याच नव्या गाड्या ७.२ किलोवॅटपर्यंत, एका फेजवर घेतात. महिंद्राच्या बीई ६ ला ११.२ किलोवॅटचा पर्याय आहे. २२ किलोवॅट पूर्ण घेणारी गाडी मामांच्या अंगणात कधी येणार कुणास ठाऊक. विक्रेत्याने मात्र "सातपेक्षा बावीस म्हणजे तिप्पट वेगात" असं सांगितलं होतं. गणित म्हणून बरोबर, गाडी म्हणून चूक. (आमच्या एका लॅबच्या व्हायव्हात असं उत्तर दिलं असतं तर बाहेर काढलं असतं.)

उलट दहा तास थांबणाऱ्या गाडीचा हिशेब बघा. ३.३ गुणिले १० म्हणजे ३३ युनिट. त्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटची. रिकामी आली तरी सकाळी जवळजवळ भरूनच जाणार. मोठ्या बॅटरीच्या गाडीला ७.४ किलोवॅटचा, म्हणजे एका फेजवर ३२ अँपिअरचा डबा भरपूर झाला. लॉजसाठी २२ ची गरजच नाही.

मग डीसी? जेवणाऱ्यांसाठी तोच लागतो, यात वाद नाही. पण ६० किलोवॅटचा चार्जर प्रत्येक गाडीला ६० देत नाही. किती घ्यायचे ते गाडीच ठरवते. टियागो ईव्हीची २४ युनिटची बॅटरी डीसीवर १० ते ८० टक्के व्हायला सुमारे तास लागतो. ७० टक्के म्हणजे १६.८ युनिट, सरासरी १७ किलोवॅट. बाकीचे ४३ किलोवॅट कर्जाचं व्याज भरत उभे! मोठ्या नव्या गाड्या जास्त घेतात हे खरं, पण ८० टक्क्यांनंतर त्यांचाही वेग उतरत जातो.

आणि हे ६० किलोवॅट येणार कुठून? मामांचा मंजूर भार ४० किलोवॅट. चार्जरची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर ६० द्यायला ६३ किलोवॅट आत घ्यावे लागतात. ४१५ व्होल्टला हे दर फेजला सुमारे ९० अँपिअर होतात. भार वाढवून मागायचा तर जवळचा ट्रान्सफॉर्मर शेतीच्या पंपांसोबत सामायिक आहे, आणि संध्याकाळी फेज-न्यूट्रल व्होल्टेज मी स्वतः मल्टिमीटरने २०८ मोजलं. नवीन ट्रान्सफॉर्मर आणि लाइनचा खर्च कोटेशनमध्ये नव्हता. तळाशी बारीक अक्षरात 'वीज जोडणी ग्राहकाच्या जबाबदारीवर' एवढं एकच वाक्य होतं. कोटेशन खालून वर वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.

आता माझी चूक सांगते, कारण तीच सगळ्यात शिकण्यासारखी आहे. रात्री आठला हॉटेलचा भार ३२ किलोवॅट असतो, अकरानंतर तो १० वर येतो. म्हणजे रात्री ३० शिल्लक. ७.४ गुणिले ४ बरोबर २९.६. मी खुशीत चार एसी चार्जर लिहिले आणि कॉलेजला आल्यावर आमच्या सरांना कागद दाखवला. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "फेज किती?"

झालं! चार्जर सिंगल फेज, संख्या चार, फेज तीन. एका फेजवर दोन येणार म्हणजे ६४ अँपिअर. ४० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.९५ धरून, दर फेजला साधारण ५८ अँपिअर. हॉटेलचे रात्रीचे १४-१५ अँपिअर वेगळेच. एकूण किलोवॅट बसत होते, पण त्या फेजचा ब्रेकर मध्यरात्री पडला असता आणि लॉजचे पंखे बंद! किलोवॅटची बेरीज करणं सोपं, पण व्यवहारात दर फेजचे अँपिअर मोजावे लागतात. तीन चार्जर, प्रत्येक फेजवर एक, असं मांडलं की ३२ अधिक १५ म्हणजे ४७. बसलं.

पण रात्री आठला काय? तेव्हा हॉटेलच ४६-४७ अँपिअर घेतं, उरतात जेमतेम ११-१२. इथे चार्जरची एक सुंदर सोय उपयोगी पडते. टाइप २ प्लगमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक तार असते. तिच्यावर १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर जाते आणि तिच्या ड्यूटी सायकलवरून गाडीला अँपिअर कळतात. टक्क्यांना ०.६ ने गुणा. ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर, १० टक्के म्हणजे ६, आणि सहाच्या खाली जाता येत नाही. (पीडब्ल्यूएम कुठे वापरतात, हा प्रश्न परीक्षेत आला तर हे लिहा, सर खूश होतील.) मुख्य केबलवर तिन्ही फेजना सीटी बसवले की नियंत्रक हॉटेलचा भार बघून ही लहर कमी-जास्त करतो. आठ वाजता दहा अँपिअर, अकरा वाजता बत्तीस. याला लोड मॅनेजमेंट म्हणतात. ते असेल तर मंजूर भार न वाढवता काम होतं. नसेल तर प्रत्येक चार्जर पूर्ण भाराने चालणार असंच धरून वायरिंग करावं लागतं.

केबलचंही तसंच. पॅनेलपासून पार्किंग ६० मीटर. ६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार किलोमीटरला ३.०८ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटरचे ०.३७ ओहम, ३२ अँपिअरला जवळपास १२ व्होल्ट गळाले. आधीच २०८ असलेल्या ठिकाणी हे परवडत नाही. १० चौरस मिलिमीटरला हीच गळती ७ व्होल्ट. शिवाय हा भार मिक्सरसारखा दोन मिनिटांचा नाही, रात्रभर सलग चालतो. ढिला स्क्रू, बारीक तार, हलका सॉकेट, जे काही कच्चं असेल ते सहा तासांत तापतंच. होस्टेलचा तो काळा पडलेला बोर्ड आठवला ना?

आणि गळती-रक्षक, म्हणजे आरसीसीबी. कोटेशनमध्ये साधा एसी टाइप होता. गाडीतल्या रेक्टिफायरमध्ये दोष आला तर डीसी गळती होऊ शकते. या डीसीने आरसीसीबीचा गाभा संपृक्त होतो, आणि मग खरोखर कुणाला शॉक बसला तरी तो ट्रिप होत नाही. दिसायला बटण जागेवर, आत मेलेला! म्हणून टाइप बी लावायचा, किंवा टाइप ए सोबत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय हवी, आणि तीही प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र. अंगणात पाऊस असतो, पोरं खेळतात. या एका ओळीवर मी मामांशी भांडलेच.

बाकी गोष्टी भराभर. सॉफ्टवेअर ओसीपीपी पाळणारं घ्या, नाहीतर उद्या कंपनीचं अॅप बंद पडलं की चार्जर शोभेचा. चार्जिंग सेवेला लायसन्स लागत नाही हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्रात चार्जिंग स्टेशनला वेगळा वीजदरगटही आहे, पण त्यासाठी वेगळा मीटर लागतो. तीन डब्यांसाठी मामांनी तो सध्या टाळला.

सोमवारी सही झाली नाही. विक्रेता रागावला, "मुलीच्या नादाला लागून संधी घालवताय," असंही म्हणाला. मामांनी तीन ७.४ चे चार्जर, लोड मॅनेजमेंट आणि स्कूटरसाठी झाकणाचे तीन १६ अँपिअर सॉकेट असं दुसरं कोटेशन मागवलं. कर्ज अर्ध्याहून कमी लागलं. डीसीसाठी जागा आणि जमिनीखालचा पाइप मात्र आत्ताच टाकून ठेवला, कारण गाड्या वाढल्या तर स्वतंत्र जोडणी घ्यावीच लागेल. तोपर्यंत जेवणाऱ्यांना चार्जिंग मिळत नाही, ही उणीव आहेच, आणि मामा ती मला दर फोनला ऐकवतात.

गेल्या महिन्यात पहिली गाडी लागली तेव्हा मी तिथेच होते. रात्रीचे साडेआठ, स्क्रीनवर दहा अँपिअर. पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, "एवढं स्लो?" मामा गल्ल्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "साहेब, तुम्ही जेवून निवांत झोपा. अकरा वाजता आमची भट्टी बंद होते, मग सगळी वीज तुमचीच."