अन्योन्याश्रय दोष

औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे निजलेली. हजारो जीव गेले. पुढे त्या भागात कीर्तन संपल्यावर एकजण मला म्हणाला, ‘महाराज, गावात पाप फार वाढलं होतं, म्हणून हे झालं.’ मी विचारले, ‘पाप वाढलं होतं हे कशावरून?’ तो म्हणाला, ‘नसतं वाढलं, तर धरणी हलली असती का?’

बघा, काय झाले! भूकंप तर साऱ्यांनी पाहिला. त्याचे कारण पाप, हे ठरवायचे होते. पण तेच आधी धरून पाप ठरवले, आणि त्या पापाच्या जोरावर कारण ठरवले. दोन आंधळे एकमेकांचा हात धरून निघाले, वाट कोणी दाखवायची? न्यायशास्त्रात ह्याला अन्योन्याश्रय म्हणतात.

ह्याची भावंडे दोन. ‘ही पोथी खरी, कारण तसे हिच्यातच लिहिले आहे,’ हा आत्माश्रय. ‘बुवा ज्ञानी, कारण शिष्य थोर, शिष्य थोर, कारण अनुग्रह मोठा, अनुग्रह मोठा, कारण बुवा ज्ञानी,’ हे चक्रक. आम्हा कीर्तनकारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मग बीजातून झाड नि झाडातून बीज, हाही दोष का? नव्हे. यंदाचे जोंधळ्याचे बी गेल्या सालच्या ताटाचे, ते ताट त्याच्या आधीच्या बियाचे. तिथे कोणी स्वतःवरच उभे नाही.

उपाय सोपा. ‘कशावरून?’ असे विचारीत जावे. उत्तर फिरून पहिल्याच ठिकाणी आले, तर बाहेरचा आधार मागावा. किल्लारीत तो आधार डोळ्यांपुढे होता: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. हादरा भूगर्भातल्या ताणाचा. जीव घेतले ते बहुतांशी ह्या भिंतीमाळवदांनी. पाळण्यातल्या लेकराचे कोणते पाप मोजायचे? फिरत्या तर्काने आपण मेलेल्यांनाच आरोपी केले, आणि घर कसे बांधावे हे विचारायचे राहिले.

अशाने श्रद्धा उणी होत नाही. विठ्ठलावरचे प्रेम दुसऱ्याच्या दुःखाचा पुरावा मागत नाही. दुःखिताच्या दारी जाताना तर्क शुद्ध असावा, आणि हात मदतीचा.

रामकृष्णहरि!