हेपॅटायटिस सी निघाला? आधी दुसरी तपासणी करा

रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि त्यात निघालं. ना ताप, ना डोळे पिवळे. हा आजार बहुतेकांना असाच, ध्यानीमनी नसताना कळतो.

पहिल्या अहवालातल्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ एवढाच, की विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता. तो आजही आहे का, हे एचसीव्ही आरएनए तपासणीतच कळतं. १०० पैकी १५ ते ४५ जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला आपणहून हुसकावतं. तेव्हा त्या अहवालाआधी रडारड नको.

विषाणू असलाच तरी महाड-पोलादपूरकरांना गोळीची ताकद मी काय सांगावी? विंचू चावला की माणूस हाती लागेल याची खात्री नसे, महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीने ते चित्र पालटलं. इथेही तसंच घडलंय. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि माणूस तापाने, अंगदुखीने बेजार होई. आता बहुतेकांना सोफोसबुविर आणि त्याच्या जोडीचं औषध १२ आठवडे पुरतं, आणि १०० पैकी ९५ हून अधिक जण पूर्ण बरे होतात. लिव्हर आधीच खराब असेल तर उपचार वाढू शकतो. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयात विचारा, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. 'हेपॅटायटिस' ऐकलं की घरचे म्हणतात, कावीळच ती, झाडपाल्याचं औषध देणारा आहे ना! पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते आणि नाव त्या पाल्याचं होतं. पहिल्या सहा महिन्यांनंतरही टिकलेला सी तसा उतरत नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरतो आणि काही पाल्यांनी लिव्हरला उलट इजाच होते. दारू मात्र आजपासून बंद. 'थोडीशी' हा हिशेब इथे चालत नाही. हळद-तेल सोडायची गरज नाही, भाकरी-कालवण नेहमीसारखं खा.

डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, पित्ताचीसुद्धा. सोफोसबुविरच्या जोडीला वेलपटासविर असेल तर त्यासोबत ती चालेलच असं नाही. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर आधी सांगा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर तेही.

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही, त्यामुळे भांडी वेगळी काढू नका. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि साखर तपासायची सुई. नवरा-बायकोने एकदा तपासून घ्यावं. आईला असेल तर मुलांचंही रक्त तपासा.

गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा करायचा. तो निगेटिव्ह आला की तुम्ही बरे. पहिली कार्डवरची तपासणी मात्र आयुष्यभर पॉझिटिव्हच दाखवेल, म्हणून हा निगेटिव्ह कागद फाइलला लावा आणि पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तोच दाखवा.